वाशीच्या बाजारातून चॉकलेटच्या डब्यात

लोणावळ्याहून आलेल्या माणसाने चिक्की आणली नाही, तर घरातली मुलं त्याला दारातच अडवतात. साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, मालवणचा खाजा, महाबळेश्वर-पाचगणीचे जॅम आणि हल्ली तिथली ती ‘होममेड चॉकलेटं’. आपल्याकडे गाव तशी पिशवी! पण नवी मुंबईला जाऊन आलेल्या बाईच्या पिशवीत काय असतं, सांगा पाहू? काही नाही. नणंदेकडचं किंवा लेकीकडचं जेवण, खाडीचा वारा, आणि “रस्ते किती मोठाले गं तिकडचे!” एवढं कौतुक. झालं.

गाव नवं, त्यामुळे त्याची अशी खास मिठाई नाही हे खरं. पण मैत्रिणींनो, ज्याच्यावाचून मिठाई होत नाही, तो सुकामेवा मात्र इथे पोत्यांनी आणि खोक्यांनी येऊन पडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की पुढच्या वेळी नवी मुंबईला गेलात तर एक सकाळ राखून ठेवा, बाजारात जा, स्वतःच्या हाताने बदाम-काजू निवडा आणि घरी येऊन त्याची चॉकलेटं करा. पाचगणीच्या डब्याइतकीच देखणी होतात. शिवाय आत काय घातलंय हे आपल्याला ठाऊक असतं, आणि हा फायदा काही लहान नाही.

खाडीपलीकडे

मुंबईकडून येणार असाल, तर हार्बर मार्गाची पनवेल किंवा वाशी गाडी पकडा. दादरहून निघणाऱ्यांनी कुर्ल्याला गाडी बदलावी. डोंबिवली-कल्याणच्या मैत्रिणींना ठाण्याहून सरळ तुर्भे-वाशीची गाडी मिळते. पुणे-सातारा-कोल्हापूरकडून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच बसगाड्या वाशीवरूनच जातात.

मानखुर्द सुटलं की एकदम खाडी लागते. इतका वेळ घरांना घरं चिकटलेली, आणि अचानक दोन्ही बाजूंना पाणी, तिवरांची झाडी, वर मोकळं आभाळ! हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीच्या चिखलात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. मुलं बरोबर असली तर त्यांना खिडकी द्या.

ही आजची सुखाची गोष्ट झाली. सिडकोची स्थापना झाली १९७० साली, खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ साली आला, पण वाशीपर्यंत रेल्वे यायला १९९२ साल उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं इथल्या बायकांनी बसवर काढली. गिरगाव-दादरच्या चाळीत शेजारणीकडे वाटी घेऊन जायची सवय. इथे आल्या तर शेजारचं बिऱ्हाड अजून यायचंच होतं! त्यांनी हे गाव हळूहळू घरासारखं केलं. भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू आणि ‘आज माझ्याकडे शिका, उद्या तुमच्याकडे’ असे स्वयंपाकाचे छोटे वर्ग. घरच्या घरी चॉकलेट करण्याची विद्याही अशीच एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेली.

मसाला मार्केट

आपल्याला जायचंय ते कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात. पत्ता तुर्भे, सेक्टर १९. पण वाशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं “एपीएमसी, मसाला मार्केट” म्हणा, त्याला बरोबर कळतं. मुंबईच्या जुन्या, दाटीवाटीच्या पेठांतला घाऊक व्यापार इथे टप्प्याटप्प्याने आला. कांदा-बटाटा १९८१ साली, नव्वदच्या दशकात मसाले, सुकामेवा आणि धान्य, नि १९९६ साली फळं-भाजीपाला. मोठमोठ्या इमारती, समोर मालमोटारींच्या रांगा, आणि मसाला बाजारात पाऊल टाकताच मिरचीचा असा ठसका, की पदर नाकाला लागतोच!

पहिल्यांदा जाताना बाई जरा बिचकते. “हा घाऊक बाजार, आपल्याला पाव किलोसाठी कोण विचारणार?” असं वाटतं. तो विचार आधी काढून टाका. कितीतरी गाळ्यांवर किरकोळ मालही देतात. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याची मिरची आणि दिवाळीआधी सुकामेवा घ्यायला लांबलांबून संसारी बायका इथे येतात. “ताई, आधी खाऊन बघा, मग बोला,” असं म्हणत व्यापारी स्वतःच चार दाणे तळहातावर ठेवतो. लाजू नका, खाऊन बघा. तेच तर करायला आपण आलोय!

चालताना मात्र रस्त्यावर लक्ष असू द्या. पाठीवर पोती घेतलेल्या माथाडींना आधी वाट द्या. यांतले कितीतरी सातारा-सांगली-पुण्याकडचे, म्हणजे आपल्याच गावाकडचे. या कष्टकऱ्यांची संघटना अण्णासाहेब पाटलांनी बांधली आणि त्यांच्या हक्कांसाठी १९६९ साली राज्यात खास कायदा झाला. आपल्या डब्यातला बदाम यांच्या पाठीवरून उतरून आलेला असतो.

शक्यतो सकाळी लवकर जा. पायात सपाट चपला, हातात दोन जाड कापडी पिशव्या, आणि रविवारी किंवा सणासुदीला बाजार उघडा आहे का याची आधी चौकशी. दोन-तीन गाळ्यांवर भाव विचारल्याशिवाय पिशवी उघडू नका.

काय पाहून घ्यावं?

चॉकलेटची चव निम्मी त्यातल्या दाण्यात असते. वरून कितीही चकचकीत दिसलं, आतला अक्रोड खवट निघाला की सगळं फुकट. म्हणून थोडं धीराने घ्या.

बदाम: मामरा बदाम बारका, वाकडातिकडा, तेलकट आणि महाग. तो भिजवून खायला ठेवा. चॉकलेटला अमेरिकेतून येणारा कॅलिफोर्निया बदाम पुरतो. दोन दाणे मोडून पाहा. कट्‌कन मोडला पाहिजे. वास घ्या, बारीक भोकं नाहीत ना ते बघा.

काजू: पाटीवर १८०, २१०, २४०, ३२० असे आकडे दिसतील. एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात त्याचा तो आकडा. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग! पण चॉकलेटात काजू दिसतोय कुठे? तेव्हा सरळ ‘पाकळी’ किंवा ‘तुकडा’ मागा. चव तीच, पैसे कमी. कोकणातला काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणून उन्हाळ्यात नव्या मालाची चौकशी जरूर करा.

बेदाणे: आपल्या सांगली-तासगावचे आणि नाशिककडचे उत्तम. मुठीत दाबून सोडले की दाणे सुटे झाले पाहिजेत. चिकट, ओलसर बेदाणा चॉकलेटचा शत्रू, का ते पुढे सांगते.

अक्रोड: सर्वांत लवकर खवट होतो. लागेल तेवढाच घ्या, घरी गेल्यावर शीतकपाटात ठेवा.

पिस्ते: खारवलेले नकोत. वर पेरायला ५० ग्रॅम पुष्कळ झाले.

आणि हो, शेंगदाण्याला कमी लेखू नका! खमंग भाजून, सालं काढून, दोन तुकडे करून घातलेला शेंगदाणा मुलांना बदामापेक्षा जास्त आवडतो. महिनाअखेरीलाही परवडतो.

चॉकलेटची लादी बाजार समितीत शोधू नका. केक आणि बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे सगळीकडे अशी दुकानं आहेत, तशी आता तुमच्या गावातही असतील.

डोंगरावर सोपं, खाडीकाठी अवघड

पाचगणीला, उटीला घरगुती चॉकलेटांची दुकानं का फोफावली? कारण तिथली हवा निम्मं काम करते. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असतं, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी. ती ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. नवी मुंबईत एप्रिल-मेच्या दुपारी स्वयंपाकघरातच तेवढं तापमान असतं! शिवाय कोको बटरचं चॉकलेट नुसतं वितळवून चालत नाही. ते ठरावीक अंशांपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा किंचित तापवायचं, तेव्हा कुठे चकाकी येते, नाहीतर पांढरे डाग पडतात.

म्हणून घरी वापरतात ती ‘कंपाउंड’ची लादी. हिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ती वितळवली, साच्यात घातली, घट्ट झाली. भानगड नाही. पण मग हे अस्सल चॉकलेट नव्हे, हेही लक्षात ठेवा. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. सणासुदीला खाण्याची ही वस्तू आहे, मुलांच्या रोजच्या डब्यात घालण्याची नाही.

माझी नणंद कोपरखैरण्याला राहते. तिच्या ओट्यावर जशी करतो, तशीच कृती देते.

बदाम-काजूची चॉकलेटं

साहित्य: डार्क कंपाउंड ३०० ग्रॅम, मिल्क कंपाउंड १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, काजू तुकडा १०० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, वर पेरायला पिस्त्यांचे काप, बटर पेपर, गुंडाळायला रंगीत चांदीचे कागद.

कृती: बदाम जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. साल किंचित तडकली आणि खमंग वास सुटला की उतरवा. काजू वेगळे, नुसते बदामी रंगावर भाजा, कारण ते लवकर जळतात. ताटात पसरून अगदी गार होऊ द्या. मग बदामाचे दोन-तीन तुकडे करा. बेदाणे धुवायचे असतील तर आदल्या दिवशी धुऊन, पंख्याखाली रात्रभर वाळवून घ्या.

लाद्या सुरीने बारीक चिरा. एका पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा. पाण्याला उकळी फुटायच्या आधी गॅस बंद करा आणि वर कोरडं, पाण्याला न टेकणारं भांडं ठेवून त्यात चिरलेलं कंपाउंड घाला. दोन मिनिटं हात लावू नका. मग कोरड्या चमच्याने सावकाश हलवत राहा. सात-आठ मिनिटांत मऊ, चकचकीत होतं. मायक्रोवेव्ह असल्यास अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळा, एकदम लावू नका.

भांडं खाली उतरवा, त्याच्या बुडाचं पाणी पुसा, आणि सगळा सुकामेवा त्यात घालून कालवा. बटर पेपरवर चमच्याने लहान लहान ढीग टाका, वर पिस्ते पेरा. शीतकपाटात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, पंधरा मिनिटं ठेवा. कागदावरून अलगद सुटली की तयार. एवढ्या साहित्यात साधारण १५ ग्रॅमची चाळीस-बेचाळीस चॉकलेटं होतात.

आता ती पाण्याची गोष्ट. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब गेला, तरी ते क्षणात दाटून त्याचा खरखरीत गोळा होतो. साखर आणि कोकोचे कण ओलाव्याने एकमेकांना चिकटतात म्हणून. त्यासाठी चमचा कोरडा, हात कोरडा, बेदाणा कोरडा. आणि शेजारच्या शेगडीवर कुकरच्या शिट्ट्या चालू असताना हे काम काढूच नका! ती वाफही पुरते. वरणभात आधी उरकून घ्या. तरीही गोळा झालाच, तर टाकू नका, गरम दुधात ढवळून मुलांना द्या.

पावसाळ्यात खाडीकाठची हवा इतकी दमट असते, की थंड चॉकलेट बाहेर काढताच त्यावर दव जमतं, आणि ते वाळलं की वर साखरेचा पांढुरका थर दिसतो. यावर उपाय सोपा. घट्ट झालेली चॉकलेटं लगेच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, डबा बाहेर ठेवा आणि तो खोलीइतका गरम झाल्यावरच उघडून कागदात गुंडाळा. डबा थंड, कोरड्या जागी ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवावा. अर्थात तेवढे दिवस तो उरला तर!

चिक्कीशी सोयरीक

आणखी एक प्रकार आमच्याकडे फार आवडीने संपतो. २०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या कढईत, पाणी न घालता, मंद आचेवर विरघळवा. मधासारखा रंग आला की चमचाभर तूप आणि भाजलेल्या बदाम-शेंगदाण्यांचे २०० ग्रॅम तुकडे घाला, झटकन हलवून तूप लावलेल्या ताटावर ओता आणि लाटण्याने पातळ करा. गार झाल्यावर तुकडे मोडून निम्मे निम्मे वितळलेल्या चॉकलेटात बुडवा. लोणावळ्याची चिक्की आणि पाचगणीचं चॉकलेट एकाच घासात! मात्र पातळ झालेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते. तेवढा वेळ मुलांना ओट्याजवळ फिरकू देऊ नका.

तसंच, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. शेंगदाणा, काजू, बदाम काही जणांना सोसत नाहीत. म्हणून कुणाला डबा देताना आत काय आहे त्याची चिठ्ठी घालावी.

हिशेबाची वही

ही चॉकलेटं करता करता “विकायला काय हरकत आहे?” असं कुणीतरी म्हणतंच. सानपाड्याच्या माझ्या ओळखीच्या एक वहिनी अशाच या व्यवसायात पडल्या. यजमानांची नोकरी गेली, दोन मुलं शाळेत, आणि दिवाळी महिन्यावर आलेली. इमारतीतल्या शेजारणींनी पहिले डबे घेतले, त्यांच्या ऑफिसातून पुढचे सांगून आले. “पहिल्या वर्षी डबे सगळे संपले हो,” त्या सांगतात, “पण वही उघडली, तर हातात काही उरलंच नव्हतं. सामानाचे पैसे धरले होते, माझी जागरणं कुठे धरली होती?”

दुसऱ्या वर्षी त्यांनी वहीत आणखी रकाने आखले. सामान, कागद आणि खोकी, गॅस, रिक्षाभाडं, मोडतोड, आणि शेवटी ‘माझे तास’. त्या तासांना त्यांनी दर लावला. भाव थोडा वाढला, चार गिऱ्हाइकं कमी झाली, पण मुलांच्या शिकवणीची फी त्या दिवाळीत त्यांनी स्वतःच्या पैशांतून भरली. “फी भरून पावती हातात घेतली ना,” त्या म्हणाल्या, “ती अजून वहीत चिकटवलेली आहे.”

मैत्रिणींनो, आपण घरात केलेलं काम फुकट धरायची सवय आपल्यालाच सर्वांत जास्त असते. चाळीस चॉकलेटं भाजण्यापासून गुंडाळण्यापर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. ते लिहून ठेवा. घरच्यांसाठी केलंत तर ते प्रेम आहेच, पण विकताना तो तुमचा रोजगार आहे. आणि विकायचंच ठरवलंत, तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते, ती आधी करून घ्या. डब्यावर तयार केल्याची तारीख, घटक आणि वजन लिहा.

दुपार मोकळी असेल तर

बाजार बारापर्यंत आटोपला, की पिशव्या कुणाच्या तरी घरी ठेवून थोडं फिरून या. वाशीचं सागर विहार खाडीला लागूनच आहे, संध्याकाळी वारा छान असतो. मुलांना नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती दाखवा. घरं पाहण्याची हौस असेल तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वस्ती. काही थोड्या घरांच्या मधे एक सामायिक अंगण अशी तिची रचना. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण येईल. आणि वाटेत जुहूगाव, दिवाळे, करावे अशी नावं दिसली, तर ही आगरी-कोळ्यांची गावं सेक्टरांच्या कितीतरी आधीची आहेत, हे मुलांना जरूर सांगा.

परतीच्या प्रवासात सुकामेवा कसाही नेला तरी चालतो, फक्त उन्हात नको. तयार चॉकलेटं न्यायची असतील तर पहाटेची किंवा रात्रीची गाडी धरा, स्टीलचा डबा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा आणि पिशवीच्या मधोमध, कपड्यांत ठेवा. सांगली-कोल्हापूरपर्यंत नीट पोचतात. आणि यंदा दिवाळीला द्यायचे डबे भरायला बसाल, तेव्हा पहिला डबा आपल्या घरासाठी बाजूला काढा बरं का! नाहीतर सगळ्या नातेवाइकांकडे पोचतात, आणि करणारीच्या वाट्याला चमचा चाटणं तेवढं उरतं.